आधी तोला, मग मोल करा

किराणा दुकानदाराला गल्ला मोजताना डोळ्यांची फारशी गरज पडत नाही. हे पाचाचे, हे दहाचे, हे बोटांनाच कळते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मात्र माझी बोटे अडली. दहाच्या नाण्यांच्या चळतीत एक नाणे अंमळ मोठे, जड आणि काळपट होते. दिव्याखाली धरून पाहिले तर एका बाजूला मुकुट घातलेला दाढीवाला राजा. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी, इंग्रजीत एक रुपया, साल १९१८, आणि त्याच बाजूला आपल्या ओळखीच्या लिपीत 'यक रुपिया'. पाचव्या जॉर्जचा चांदीचा रुपया सुट्ट्या पैशांत माझ्या गल्ल्यात येऊन पडला होता.

शेजारचे दुकानदार म्हणाले, "मियाँ, नशीब उघडले. गल्ल्यात आले ते आपले." दुसरे म्हणाले, "कसले नशीब? खोटा असेल. बाजारात असल्या नाण्यांचा सुळसुळाट आहे."

वाचकहो, या दोन वाक्यांत दोन प्रश्न आहेत. नाणे खरे की खोटे, हा एक. नाणे कोणाचे, हा दुसरा. बहुतेक माणसे पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा सोयीस्करपणे विसरतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या कसे शोधावे ते या लेखात सांगतो. पण लेखणी उचलली ती दुसऱ्या प्रश्नासाठी.

रुपया म्हणजेच तोळा

'रुपया' हे नाव चांदीच्या नाण्याला रुळवले ते शेरशाह सूरीने, सोळाव्या शतकात. त्याचा रुपया सुमारे १७८ ग्रेनचा होता. पुढे मोगलांनी तोच चालवला. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली कायदा करून आपल्या ताब्यातील मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग इतर धातू. म्हणजे एका रुपयात निव्वळ चांदी १६५ ग्रेन, अर्थात सुमारे १०.६९ ग्रॅम.

हे १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा. आणि ८० तोळ्यांचा एक शेर. आमच्या आजोबांच्या दुकानात 'रुपयाभार हळद', 'दोन रुपयाभार लवंग' असे मागितले जाई. त्या वेळी एका पारड्यात खरोखरच रुपया पडत असे. सरकारी नाणे हेच वजन आणि हेच मोल. त्यामुळे खोटा रुपया पारड्यात घालणारा माणूस एकाच वेळी दोन चोऱ्या करीत असे.

पारख करणाऱ्यांचा मान म्हणूनच मोठा होता. 'सराफ' हा शब्द अरबीतून आला आणि मराठीत घरचा झाला. गावगाड्यात नाणी तपासण्याचे काम पोतदाराकडे असे. आज ते आडनाव उरले आहे. नाणे तापवून पाहत, टोच्याने भोक पाडून आत काय आहे ते पाहत. त्यालाच सुलाख म्हणत. 'तावून सुलाखून निघालेला माणूस' असे आपण आजही म्हणतो. खरेपणाला आपल्या भाषेने 'बंदा रुपया' आणि 'खणखणीत नाणे' असे शब्द दिले, ते उगाच नाहीत.

आधी तराजू, मग डोळा

आता परीक्षेकडे वळू. तापवणे आणि भोक पाडणे आज कोणी करू नये. खरे नाणे त्यात फुकट जाते. तेजाबाचा थेंबही नको. साधी आणि नाण्याला इजा न करणारी साधने हाताशी आहेत.

पहिले साधन तराजू. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आज सहज मिळतो. रुपया ११.६६ ग्रॅमच्या जवळ भरला पाहिजे. हातोहाती फिरून झिजलेला रुपया थोडा कमी भरेल, यात नवल नाही. पण जास्त भरला तर सावध व्हा. नाणे झिजते, वाढत नाही. गळ्यातल्या माळेसाठी कडी डाखलेली असेल तर गोष्ट वेगळी. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. वजन बरोबर पण नाणे जाड, किंवा व्यास बरोबर पण वजन दोन ग्रॅम कमी, तर धातू दुसरा आहे.

दुसरे साधन लोहचुंबक. चांदी चुंबकाला चिकटत नाही. चिकटले तर ते चांदीचे नाणे नव्हे. वाघाचे चित्र असलेला १९४७ चा रुपया पुष्कळांच्या घरी चांदीचा म्हणून जपलेला असतो. तो अस्सल सरकारी नाणे आहे, पण निकेलचा आहे आणि चुंबकाला लगेच चिकटतो. मात्र चुंबकाला न चिकटणे हा चांदीचा पुरावा नाही. पितळ, शिसे, जर्मन सिल्व्हर हेही चिकटत नाहीत. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण आहे.

तिसरे साधन आपला डोळा, शक्यतो भिंगासह. नाण्याची कड पाहा. अस्सल रुपयाच्या कडेवरचे दाते सारखे आणि सलग असतात. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेवर पुष्कळदा जोडाची बारीक रेघ दिसते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट वाटतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांना एक जास्तीची सोय आहे. सातव्या एडवर्डच्या आणि जॉर्ज राजांच्या रुपयावरील 'यक रुपिया' ही अक्षरे नीट वाचून पाहा. नकली ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नसेल तर त्याचा हात तिथे चुकतो. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सालाच्या बाजूला, खालच्या फुलाजवळ बारीक ठिपका असेल तर नाणे मुंबई टाकसाळीचे. नसेल तर कलकत्त्याचे.

चौथे साधन कान. रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारा. चांदीचा आवाज बारीक आणि लांबत जाणारा असतो. शिशाचा आवाज तिथेच मरतो. पण भोक पाडलेला, तडा गेलेला किंवा डाख लावलेला खरा रुपयाही बद्द वाजतो. म्हणून एकट्या कानावर फैसला करू नये.

पाण्याची परीक्षा

सर्वांत भरवशाची घरगुती परीक्षा पाण्याची आहे. ती कळली की निम्म्या फसवणुकी तिथेच थांबतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काट्यावर पाण्याचा अर्धा भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणे आधी कोरडे तोलून घेतलेले असावे. आता ते बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे धरा. मात्र ते तळाला किंवा पेल्याच्या अंगाला लागता कामा नये. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर झटकून टाका. काटा जो आकडा दाखवील तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. बारा भागांत अकरा भाग चांदी असलेल्या नाण्याचे उत्तर १०.३ च्या आसपास येते. पूर्ण वजनाचा रुपया पाण्यात सुमारे १.१३ दाखवतो. त्याच वजनाचे जर्मन सिल्व्हरचे नाणे १.३३ च्या आसपास दाखवील आणि भागाकार ८.७ च्या जवळ येईल. पितळेचा आणखी खाली. ११ च्या वर गेला तर आत शिसे असल्याचा संशय घ्यावा.

मुलामा कितीही चकचकीत असो, पाण्याला तो फसवू शकत नाही. कारण पाणी वरचा थर पाहत नाही, सगळे नाणे मोजते. हॉलमार्किंग केंद्रातले क्ष-किरणांचे यंत्र चांगलेच, पण ते मुख्यत्वे पृष्ठभाग वाचते. जाड मुलाम्याच्या नाण्याला यंत्रासोबत वजन आणि पाणी यांची साक्ष हवीच. ही युक्ती नवी नाही. अल-खाज़िनी यांनी ११२१ च्या सुमारास 'मीज़ान अल-हिक्मा' हा ग्रंथ लिहिला. मिश्र धातूतली भेसळ पाण्यात तोलून ओळखणारा तराजू त्यात सविस्तर वर्णन केलेला आहे. नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली गोष्ट आपण व्यापारी लोक आज दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवतो, हे काही भूषणावह नाही.

माझ्या गल्ल्यातला रुपया कोरडा ११.५८ भरला, पाण्यात १.१२. भागाकार १०.३ च्या थोडा वर. कड स्वच्छ, अक्षरे नेटकी, आवाज लांब. रुपया खरा होता.

खऱ्या राजाची अर्धी चांदी

इथे सामान्य माणूस सर्वांत जास्त फसतो. नाणे खरे, राजा खरा, टाकसाळ खरी, आणि तरी चांदी अर्धी.

दुसऱ्या महायुद्धात लोकांनी चांदीचे रुपये घरात दडपायला सुरुवात केली. १९४० साली सरकारने रुपयातली चांदी बारा भागांत अकरावरून निम्म्यावर आणली, आणि पुढच्या काही वर्षांत जुने रुपये चलनातून मागे घेतले. १९४० ते १९४५ या सालांचा, सहाव्या जॉर्जचा रुपया दिसायला राजेशाही, वजनही तेच ११.६६ ग्रॅम, पण त्यात चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. त्याच्या कडेवर नकलेपासून बचाव म्हणून मधोमध खोलगट पट्टी आणि तीत नक्षी दिसते. पाण्याच्या परीक्षेत त्याचा भागाकार साडेनऊच्या आसपास येतो. त्यामुळे त्याला खोटा ठरवू नका, आणि १९१८ च्या रुपयाच्या भावाने विकतही घेऊ नका.

एक राजा दाढीवाला, दुसरा सफाचट. दोघांचे नाव जॉर्ज. बाजारात दोन्ही 'जॉर्ज छाप' म्हणून एकाच ढिगात पडतात. घेणारा अर्ध्या चांदीचा भाव सगळ्या ढिगाला लावतो आणि विकताना पुऱ्या चांदीचा भाव घेतो. त्यात त्याला खोटे बोलावेही लागत नाही. फक्त साल वाचून दाखवायचे नाही, एवढे केले की पुरे. माझ्या मते न बोलता केलेली ही फसवणूक नकली नाण्याहून अधिक होते, आणि तिची तक्रार कोणी करत नाही. कारण फसलेल्याला आपण फसलो हेच कळत नाही.

याच्या उलट बाजूचीही फसवणूक आहे. चांदी खरी, पण नाणे खोटे. १९३९ चा रुपया फार दुर्मीळ असल्याने संग्राहक त्याला मोठी किंमत देतात. मग १९३८ च्या आठाचा नऊ करणारे कारागीर निघतात. इथे तराजू आणि पाणी दोन्ही 'खरे' म्हणतील. भिंगाखाली नऊचा आकडा इतर आकड्यांशी ताडून पाहणे आणि जाणकाराचे मत घेणे, एवढाच उपाय.

१९११ च्या रुपयाची गोष्टही अशीच विकली जाते. त्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो डुकरासारखा दिसू लागला. लोकांत, विशेषतः मुसलमानांत, नाराजी पसरली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून कोरला गेला. गोष्ट खरी आहे. पण गोष्ट ऐकवून हातात दिलेला प्रत्येक रुपया खरा असतोच असे नाही. गोष्टीचे पैसे देण्याआधी नाणे तोला.

आणि काही वस्तू तर नाणीच नव्हेत. १८१८ साल आणि कंपनीचे नाव घालून देवादिकांची चित्रे छापलेली टोकने जत्रा-बाजारात विकली जातात. कंपनीने असली नाणी कधी पाडली नाहीत. तशीच मक्का-मदिनेची चित्रे छापलेली 'पुरातन नाणी' आपल्या लोकांच्या गळ्यात मारली जातात. श्रद्धेचे चित्र पाहून काटा बाजूला ठेवणारा ग्राहक हाच अशा विक्रेत्याचा खरा नफा. तांदूळ ओढून घेणाऱ्या चमत्कारी नाण्याच्या नादात घरे विकलेली माणसे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवताना दिसतात. जुनी नाणी लाखोंना घेतो, आधी शुल्क किंवा कर भरा, असे रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून फोन करणाऱ्यांविरुद्ध त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नसते आणि कोणाकडून असले शुल्कही घेत नाही.

गल्ल्यातले नाणे कोणाचे?

रुपया खरा ठरला तेव्हा मला आठवले. दुपारी मागच्या मोहल्ल्यातला एक मुलगा मूठभर नाणी देऊन बिस्किटे घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी तो दिसताच विचारले, "बेटा, कालचे पैसे कुठून आणलेस?" तो म्हणाला, "नानीच्या डब्यातून, चाचा." मी नाणे घेऊन त्याच्या घरी गेलो.

नानींनी डबा उघडला. आत फडक्यात बांधलेले आणखी अकरा रुपये होते. त्यांच्या आईच्या मेहरचे. नानी म्हणाल्या, "भाई, परवाच एक गल्लीतून फिरणारा आला होता. सगळ्यांचा मिळून एकच भाव सांगून गेला. शुक्रवारी परत येतो म्हणाला." मी घरून काटा आणि पेला मागवला. बाराच्या बारा रुपये त्यांच्यासमोर तोलले. सात जुने, पुऱ्या चांदीचे. चार १९४० नंतरचे, अर्ध्या चांदीचे. आणि एक ओतीव, नकली, पाण्यात ८.६ वर आला.

सात रुपयांची झीज सोडून सुमारे ७४ ग्रॅम आणि चारांची सुमारे २३ ग्रॅम, अशी जवळपास ९७ ग्रॅम निव्वळ चांदी त्या डब्यात होती. फिरत्या खरेदीदाराने सांगितलेला भाव याच्या निम्म्याचाही नव्हता. नानींना साल वाचता येत नव्हते, हेच त्याचे भांडवल.

व्यापारी बांधवांनो, माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्याला जे कळते आणि समोरच्याला कळत नाही, ते आपल्याकडे त्याची अमानत आहे. नफा घ्या, जरूर घ्या. पण समोरच्याच्या अज्ञानावर नफा घेऊ नका. जुने नाणे विकायला सहसा अडचणीतला माणूस येतो. कोणाचे दवाखान्याचे बिल असते, कोणाच्या मुलीचे लग्न. घासाघीस करण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते.

सराफ बंधू म्हणतील, "आम्ही चांदी घेतो, इतिहास घेत नाही. गाळताना घट येते, मजुरी लागते, भाव रोज हलतो." हे सर्व मान्य. घट कापा, मजुरी कापा. पण किती कापली ते सांगा. नाणे गिऱ्हाईकासमोर तोला. साल मोठ्याने वाचा. पुरी चांदी की अर्धी ते कागदावर लिहा आणि त्या दिवसाच्या भावासह पावती द्या. दुर्मीळ साल दिसले तर गाळण्याच्या भावात घेऊ नका. जाणकाराला दाखवा, असे त्याला सांगा. विकतानाही हाच नियम. याला फार तर पाच मिनिटे लागतात. ज्या पेढीवर असा रिवाज पडेल तिथे गिऱ्हाईक दुसऱ्या गावाहून येईल, हे मी व्यापारी म्हणून सांगतो.

विकणाऱ्यांनाही दोन शब्द. नाणे चिंच, राख किंवा ब्रशने घासू नका. काळपटपणा हा चांदीचा दोष नाही आणि घासलेल्या नाण्याला संग्राहक भाव देत नाहीत. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय देऊ नका. शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडली तर ती गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठवायलाही १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. आखातात असलेल्या नातेवाइकांकडे भेट म्हणून रुपया धाडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नानींनी त्या दिवशी एकही रुपया विकला नाही. बारावा, खोटा रुपया त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. आईच्या मेहरमध्ये तो कोणी घातला, हे आता कोण सांगणार? मी म्हटले, "नानी, हा टाकून देऊ का?" त्या म्हणाल्या, "नको भाई. वेगळ्या फडक्यात बांधून दे. उद्या मी नसेन तेव्हा पोरांनी तो चुकून कुणाला खरा म्हणून देऊ नये."

मी त्या फडक्याला गाठ मारली आणि वर एका चिठ्ठीवर लिहिले: 'खोटा. कोणाला देऊ नये.'